चर्चशेजारचं कुरण: इंग्लंडच्या जुन्या खेड्यात नव्या घरांना परवानगी कशी मिळते

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या खेड्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा. एका टोकाला तेराव्या शतकातलं दगडी चर्च. तिथून दोन-अडीचशे पावलांवर सतराव्या शतकातलं एक शेतघर आणि त्याला लागून धान्याचं मोठं कोठार. दोन्हींच्या मधे दोन एकरांचं कुरण, घोड्यांना चरायला सोडलेलं. कुरणात बांधलेलं काहीच नाही. गवत आहे, कडेनं झुडपांची जुनी कुंपणं आहेत, आणि संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की जमिनीवर लाटांसारखे लांबच लांब उंचवटे दिसतात.

मालकाला या कुरणात बारा घरं बांधायची आहेत. त्याचा हेतू वाईट नाही. गावातली तरुण मंडळी भाडं परवडत नाही म्हणून शहराकडे गेली आहेत, शाळेचा पट घटतो आहे, दुकान कसंबसं चालतं आहे. जागा तर रिकामीच आहे, मग अडचण कुठं आहे?

गाव काल्पनिक आहे, पण असा अर्ज इंग्लंडच्या कुठल्या ना कुठल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, टेबलावर आजही पडलेला असेल. ‘जागा रिकामी आहे’ या तीन शब्दांपाशीच बहुतेक अर्ज फसतात, असं माझं मत आहे. कुरण रिकामं असणं हेच त्या जागेचं काम असू शकतं. हे आधी उमगलं तर परवानगीची वाट सापडते. नकाशे काढून झाल्यावर उमगलं, तर वर्ष-दोन वर्षं आणि बराच पैसा पाण्यात जातो.

जमीन मालकाची, बांधण्याचा हक्क सरकारजमा

१९४७ साली ब्रिटनमध्ये टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट झाला आणि १ जुलै १९४८ पासून लागू झाला. त्या दिवसापासून जमिनीची मालकी आणि त्या जमिनीवर बांधण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. जमीन तुमची राहिली, पण तिथं घर उभं करायचं तर स्थानिक कौन्सिलची प्लॅनिंग परमिशन हवी. आजचा मूळ कायदा १९९० चा आहे, पाया मात्र तोच.

अनेक देशांत विकास आराखड्यात पट्टे आखलेले असतात. निवासी पट्ट्यात नियमात बसणारं घर असलं की मंजुरी जवळपास हक्कानं मिळते. इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथं कौन्सिलची स्थानिक योजना असते, तिला लोकल प्लॅन म्हणतात, आणि निर्णय त्या योजनेला धरून द्यायचा असतो. पण ‘इतर महत्त्वाच्या बाबी’ वेगळं सांगत असतील तर योजनेपासून दूर जाण्याची मुभा असते. त्यामुळे प्रत्येक अर्ज हा एक तराजू असतो. एका पारड्यात काय टाकायचं, दुसऱ्यात काय, आणि कशाला किती वजन द्यायचं, यावर सगळा खेळ चालतो.

काही गोष्टी तराजूत येतच नाहीत. ‘माझ्या खिडकीतून डोंगर दिसायचा, आता दिसणार नाही’ किंवा ‘माझ्या घराची किंमत उतरेल’ हे आक्षेप शेजारी कितीही कळवळून मांडोत, त्यांना नियोजनाच्या हिशेबात स्थान नाही. चर्चच्या आवारातून कुरणापलीकडे जे दिसतं ते हरवेल, हा आक्षेप मात्र पुरेपूर मोजला जातो. दोन्ही ‘दिसण्या’चेच प्रश्न आहेत, पण पहिला खासगी आहे आणि दुसरा सगळ्यांचा.

कोणत्या जागेला काय संरक्षण

ऐतिहासिक किंवा वास्तूच्या दृष्टीनं मोलाच्या इमारतींची इंग्लंडमध्ये राष्ट्रीय यादी आहे. त्यात असलेली इमारत ‘लिस्टेड’. यादीत तीन श्रेणी आहेत: ग्रेड एक, ग्रेड दोन-तारांकित आणि ग्रेड दोन. लिस्टेड इमारतींपैकी जेमतेम २.५ टक्के पहिल्या श्रेणीत आहेत आणि नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड दोनमध्ये. मध्ययुगीन पॅरिश चर्च बरेचदा वरच्या दोन श्रेणींत असतात. आपल्या कुरणाशेजारचं चर्च ग्रेड एक आणि शेतघर ग्रेड दोन धरू.

दुसरं कवच कन्झर्वेशन एरियाचं. १९६७ च्या कायद्यानं ही कल्पना आली. त्याआधी संरक्षण सुट्या इमारतीला होतं, या कायद्यानं गल्ली, चौक, झाडं, मोकळ्या जागा असा सगळा भागच जपायची सोय झाली. लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड हे पहिलं गाव ठरलं. आज इंग्लंडमध्ये असे सुमारे १०,००० भाग आहेत. यांखेरीज संरक्षित प्राचीन स्मारकं, नोंदणीकृत ऐतिहासिक उद्यानं आणि जागतिक वारसा स्थळं आहेतच. कॉट्सवोल्ड्ससारख्या निसर्गसुंदर प्रदेशाला आणखी वेगळं संरक्षण आहे. त्या प्रदेशांना २०२३ पासून ‘नॅशनल लँडस्केप’ म्हणतात.

आपल्या कुरणात यांपैकी एकही गोष्ट नाही. ते कन्झर्वेशन एरियात आहे एवढंच. मग चर्च आणि शेतघर यांचा कुरणाशी संबंध काय? तो संबंध जोडणारा शब्द इंग्रजीत ‘सेटिंग’ आहे. मराठीत मला त्यासाठी ‘आसमंत’ हा शब्द जवळचा वाटतो.

आसमंत डोळ्यांना दिसतो तेवढाच नसतो

१९९० च्या लिस्टेड इमारतींच्या कायद्यातलं सहासष्टावं कलम सांगतं की परवानगीचा निर्णय घेताना लिस्टेड इमारत किंवा तिचा आसमंत जपण्याकडे विशेष लक्ष द्यायलाच हवं. आसमंत म्हणजे ती वास्तू ज्या परिसरातून अनुभवता येते तो परिसर. त्याला ठरलेली हद्द नसते आणि काळाबरोबर तो बदलूही शकतो.

‘अनुभवता येते’ या शब्दांत किती काय सामावतं, यावर वाद कोर्टापर्यंत गेलेला आहे. डर्बी शहराजवळ केडलस्टन हॉल नावाचा अठराव्या शतकातला भव्य वाडा आहे. हे कर्झन घराण्याचं घर. बंगालच्या फाळणीमुळे आपल्याला माहीत असलेला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन इथलाच. कोलकात्याचं राजभवन ज्या वाड्याच्या धर्तीवर बांधलं गेलं तो वाडाही हाच. आणि १९०४ साली भारतात प्राचीन वास्तूंच्या जपणुकीचा कायदा आणणाराही हाच कर्झन.

त्याच्या घराण्याच्या जुन्या जमिनीपैकी एका शेतावर नव्या घरांची योजना आली. वाड्यातून ते शेत दिसत नव्हतं, मधे झाडांचा दाट पट्टा होता. मग हे शेत वाड्याच्या आसमंतात धरायचं का? नियोजनाची अपिलं ऐकणाऱ्या इन्स्पेक्टरनं नाही म्हणून परवानगी दिली. २०१७ साली हायकोर्टानं ती रद्द केली: दिसणं-न दिसणं एवढीच कसोटी नव्हे, ती जमीन वाड्याच्या शेतीव्यवस्थेचा भाग होती, हे नातंही मोजायला हवं होतं. २०१८ साली अपील कोर्टानं परवानगी पुन्हा बहाल केली, कारण इन्स्पेक्टरनं इतर नाती विचारात घेतलीच नाहीत असं त्या कोर्टाला वाटलं नाही. पण तत्त्व कायम ठेवलं: बहुतेक वेळा दृष्टीचं नातं निर्णायक ठरतं, तरी ऐतिहासिक, सामाजिक आणि आर्थिक नातीही आसमंतात मोडू शकतात.

आता कुरणाकडे परत या. ते शेतघर कुरणाकडे तोंड करून उभं आहे, कारण ही जमीन त्याच शेतकऱ्याची होती. घर, कोठार आणि गवताळ रान मिळून एक शेती होती. कुरणात बारा घरं आली की शेतघर जसंच्या तसं राहील, एक वीटही हलणार नाही, पण ते ‘शेतघर’ म्हणून वाचता येणार नाही. वसाहतीतलं एक जुनं घर होऊन राहील. कायद्याच्या भाषेत ही हानी आहे, आणि ती भिंतीला हात न लावता झालेली आहे.

आणि ते उंचवटे? ती मध्ययुगीन नांगरटीची खूण. शेकडो वर्षं एकाच पट्टीत नांगर फिरून माती मधोमध चढत गेली. हे पट्टे बरेचदा सरळ नसतात, त्यांना हलकासा उलट्या ‘एस’सारखा बाक असतो. कारण बैलांच्या चार-चार जोड्या जुंपलेल्या असत. एवढी लांब जोत बांधावर येऊन वळवायची तर वळण आधीपासूनच घ्यावं लागे. म्हणजे गवताखाली शेकडो वर्षांपूर्वीच्या बैलांचं वळण अजून शाबूत आहे. हे कळल्यावर कुरणाला ‘रिकामं’ म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

हानीची मोजपट्टी

हा विषयाचा सगळ्यात कळीचा आणि सगळ्यात जास्त चुकीचा समजला जाणारा भाग, म्हणून जरा थांबून पाहू.

२०१२ साली इंग्लंडनं नियोजनाचं एक राष्ट्रीय धोरणपत्रक काढलं. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला ‘एनपीपीएफ’ म्हणतात. त्यात वेळोवेळी बदल झाले, डिसेंबर २०२४ मध्ये मोठा बदल झाला. वारसास्थळाला होणारी हानी त्यात दोन गटांत विभागली आहे: ‘मोठी हानी’ आणि ‘मोठ्या हानीहून कमी हानी’. मोठी हानी म्हणजे त्या वास्तूचं मोलच जवळपास संपवणारी. ती क्वचितच मान्य होते. आसमंतातल्या नव्या घरांमुळे होणारी हानी जवळजवळ नेहमी दुसऱ्या गटात बसते. तिथं नियम असा की हानी आणि प्रकल्पाचे सार्वजनिक लाभ यांची तुलना करायची.

अर्जदार इथं घसरतात. ‘मोठ्या हानीहून कमी’ वाचून त्यांना वाटतं, म्हणजे किरकोळ. म्हणजे सुटलो.

नॉर्दम्प्टनशरमध्ये लाइव्हडन न्यू बील्ड नावाची एक विलक्षण वास्तू आहे. सर थॉमस ट्रेशम या कॅथलिक उमरावानं ती बांधायला घेतली. १६०५ मध्ये तो वारला आणि काम तिथंच थांबलं. चारशे वर्षं ती छपराविना, अर्धवट, माळावर उभी आहे. तिच्या आसमंतात चार पवनचक्क्यांना इन्स्पेक्टरनं परवानगी दिली: हानी मोठी नाही आणि स्वच्छ विजेचा लाभ जास्त आहे, असा त्याचा हिशेब. हायकोर्टानं ती परवानगी रद्द केली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अपील कोर्टानंही ती रद्दच ठेवली. निकालाचा गाभा साध्या शब्दांत असा: हानी मोठी नाही म्हणून तिच्यावरचा आक्षेपही मोठा नाही, असं समजणं चूक. जपणुकीला ‘लक्षणीय महत्त्व आणि वजन’ द्यायलाच हवं, कारण ते वजन संसदेनं कायद्यातच घालून ठेवलं आहे. तराजूची दोन पारडी सुरुवातीला समतोल नसतात. एका पारड्यात आधीच दगड ठेवलेला असतो.

हा निकाल पवनचक्क्यांचा होता, पण वारसास्थळांजवळच्या घरांच्या अर्जांतही तो सतत उद्धृत होतो. त्याच वर्षी केंटमधल्या पेन्सहर्स्ट गावात परवडणाऱ्या घरांचा प्रश्न कोर्टात आला. जागा कन्झर्वेशन एरियात, शेजारी लिस्टेड इमारती, आणि घरांची गरज खरीखुरी. कौन्सिलनं परवानगी दिली होती, ती हायकोर्टानं रद्द केली. हानी मर्यादित आहे असं कौन्सिलनं मानलं, पण त्या मर्यादित हानीलाही कायद्यानं द्यायचं वजन दिलं नाही. आणि दुसऱ्या कुठल्या जागी ही घरं कमी हानी करून होतील का, हे नीट तपासलं नाही. गरज खरी असली तरी ‘इथंच का?’ हा प्रश्न सुटत नाही.

उलट्या बाजूचा दिलासाही आहे. जपणं म्हणजे गोठवणं असा अर्थ कोर्टांनी लावलेला नाही. कम्ब्रियातल्या कार्टमेल गावातल्या कन्झर्वेशन एरियात पाद्र्यासाठी नवं घर बांधायचं होतं. तो वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, पोहोचला. १९९२ साली तिथं ठरलं की भागाचं रूप आणखी खुलवलंच पाहिजे असं नाही. नव्या बांधकामानं त्याला हानी होत नसेल तर तेही ‘जपणं’च. जुन्या गावात नवं घर येऊच शकत नाही, हा समज या निकालापुढे टिकत नाही.

मी अर्जदाराच्या जागी असतो तर हानी लपवण्याचा प्रयत्न केला नसता. ‘आमच्या योजनेनं काहीच हानी होणार नाही’ असं लिहिलेलं टिपण कौन्सिलच्या कन्झर्वेशन ऑफिसरनं उघडलं की पहिल्या पानावरच विश्वास उडतो. याउलट, हानी कुठं होते, किती होते, ती कमी करायला आपण काय बदललं आणि उरलेल्या हानीच्या बदल्यात गावाला काय मिळतं, असं सरळ मांडलेलं टिपण कोर्टातही टिकतं. कारण निर्णय देणाऱ्याला ज्या पायऱ्यांनी जायचं आहे, त्या पायऱ्या त्यानं आधीच चढून दाखवलेल्या असतात.

लाभ कोणाचा?

सार्वजनिक लाभ म्हणजे मालकाचा नफा नव्हे. परवडणारी घरं, दीर्घकाळ मोडकळीला आलेल्या लिस्टेड कोठाराची दुरुस्ती, गावाला खुली झालेली पायवाट हे लाभ मोजले जातात. साध्या विक्रीच्या घरांनाही वजन मिळतं, कारण देशात घरांची टंचाई आहे. २०२४ मध्ये आलेल्या सरकारनं एका संसदेच्या काळात १५ लाख घरांचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे.

इथं एक डाव विकासक मंडळी नेहमी टाकतात. प्रत्येक कौन्सिलला पुढच्या पाच वर्षांपुरती घरांची जमीन दाखवावी लागते. ती दाखवता आली नाही तर तराजू परवानगीच्या बाजूला कलतो. खेड्यांवरचे कित्येक अर्ज याच आधारावर येतात. पण त्याच धोरणपत्रकातली एक तळटीप सांगते की वारसास्थळांविषयीचे नियम नकाराचं सबळ कारण देत असतील तर हा कल नाहीसा होतो. म्हणजे कुरणाच्या बाबतीत आधी हानी आणि लाभाची तुलना जिंकायची, मगच त्या कलाचा फायदा. हा क्रम न कळल्यामुळे ‘कौन्सिलकडे जमीन नाही, आपलं काम झालं’ म्हणत उत्साहानं जमीन घेणाऱ्यांचं नुकसान होतं.

आणखी दोन आडवाटा आहेत, थोडक्यात सांगतो. एक, लिस्टेड वास्तू वाचवायला पैसाच नसेल, तर तो उभा करण्यापुरती घरं, एरवी धोरणात न बसणारी, मान्य होऊ शकतात. पण दुरुस्तीचा खर्च आणि घरांचं उत्पन्न यांचा हिशेब पैशापैशानं उघड करावा लागतो. दोन, गावाबाहेर एकट्या घरासाठी ‘अपवादात्मक दर्जाचं’ वास्तुरचनेचं कलम आहे. १९९७ मध्ये जॉन गमर पर्यावरण मंत्री असताना ही वाट उघडली. ती अरुंद आहे आणि बारा घरांसाठी नाहीच. जुन्या कोठाराचं पूर्ण परवानगीशिवाय घरात रूपांतर करण्याची जी सवलत पुष्कळांनी ऐकलेली असते, ती लिस्टेड इमारतींना आणि कन्झर्वेशन एरियाला लागू नाही.

घरापेक्षा रस्ता जास्त बिघडवतो

अर्ज नाकारला गेला की लोक घरांच्या दर्शनी भागावर वाद घालतात: खिडक्या अशा हव्या होत्या, छप्पर तसं हवं होतं. माझ्या मते खेड्याचं रूप बिघडवण्यात घरांपेक्षा त्यांच्या सोबत येणाऱ्या गोष्टींचा वाटा मोठा आहे.

कुरणात जायला रस्ता हवा. तो गावच्या गल्लीला जिथं मिळेल तिथं गाडीतून बाहेर पडणाऱ्याला दोन्ही बाजूंचं दिसलं पाहिजे. ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर साधारण हिशेब असा: कडेपासून २.४ मीटर आत थांबलेल्या चालकाला दोन्हीकडे ४३ मीटरपर्यंतचा रस्ता मोकळा दिसावा. कागदावर हे दोन लहान त्रिकोण. जमिनीवर म्हणजे गल्लीच्या कडेचं शेकडो वर्षांचं झुडपांचं कुंपण आणि दगडी गडगा मिळून पन्नास-साठ मीटर साफ. मग आत कचऱ्याची मोठी गाडी वळवायला डांबराचा चौक, फरसबंद कडा, रस्त्यावरचे दिवे, दारापुढे दोन-दोन गाड्यांची जागा, मागे सहा फुटी फळ्यांची कुंपणं. घरं स्थानिक दगडाची असोत नाहीतर आणखी कशाची, या सगळ्यातून उपनगर उभं राहतं आणि चर्चच्या मनोऱ्यापर्यंतचा अंधारही जातो.

म्हणून चांगला आराखडा प्रवेशद्वारापासून सुरू होतो. शेतघराच्या अंगणाची जुनी वाट वापरता येईल का? प्रत्यक्ष वाहनांचा वेग मोजून तो कमी निघाला, तर कुंपण कमी तोडून भागतं का? मग घरांची संख्या. बारा हा आकडा जमिनीच्या किमतीतून आलेला असतो, जागेतून नव्हे. शेतघराच्या मागच्या बाजूला, जिथं विसाव्या शतकातली पत्र्याची शेड आहे, तिथं कोठारांच्या चौकासारखी सात घरं, लांबट, बुटकी, अंगणाकडे तोंड केलेली, बसू शकतील. चर्च आणि शेतघर यांच्या मधला कुरणाचा पट्टा मोकळा राहील, बैलांच्या वळणासकट. पत्र्याची शेड गेल्यानं उलट थोडी सुधारणाच होईल, आणि ती लाभाच्या पारड्यात पडेल.

साहित्याचंही असंच. कॉट्सवोल्ड्समधलं दगडी पाट्यांचं छप्पर नीट पाहा: खाली वळचणीला मोठ्या पाट्या, वर आढ्याकडे लहान होत गेलेल्या. खाणीतून निघेल तो दगड वाया न घालवता वापरण्याची ती पद्धत. एकाच मापाच्या कारखानी पाट्या लावल्या की रंग कितीही जुळो, नजर चुकत नाही. पण जुन्याची नक्कल हाच उपाय आहे असंही नाही. कोठाराचा साधा लांब आकार, भिंतीत मोजकीच भोकं, जवळपासचा दगड, एवढं सांभाळून आजच्या बांधणीचं घर कितीतरी वेळा खोट्या खांबांच्या ‘जुन्या’ घरापेक्षा गावात अधिक शोभतं.

कामाचा क्रम

पहिलं काम वारसा-टिपणाचं. नकाशाच्या आधी. जुने नकाशे, चर्चच्या आवारातून आणि पायवाटांवरून दिसणारे देखावे, हिवाळ्यात पानं गळाल्यावरचे वेगळे, यांतून कुरणाचा कोणता भाग काय काम करतो हे लिहून काढायचं. इंग्लंडमध्ये हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारला सल्ला देणारी संस्था आहे. आसमंताचा अभ्यास कसा करावा याची तिची मार्गदर्शिका पायऱ्यापायऱ्यांनी आखलेली आहे, आणि सगळे तिलाच धरून चालतात. मध्ययुगीन गावठाण असल्यानं पुरातत्त्वाचं कामही आधीच लागेल: यंत्रानं जमिनीखालचा अंदाज, मग गरज पडल्यास चाचणीचे चर.

मग निसर्ग. वटवाघळं जुन्या कोठारांत राहतात आणि त्यांना कायद्याचं कडक संरक्षण आहे. ती संध्याकाळी बाहेर पडतात का, हे मोजायचे महिने मे ते सप्टेंबर. तळ्यातल्या तुरेवाल्या न्यूटची (पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराची) तपासणी वसंतात, त्याही मोजक्या आठवड्यांत. ऑक्टोबरमध्ये जागा विकत घेणाऱ्याचं अर्धं वर्ष इथंच जातं. शिवाय २०२४ पासून बहुतेक प्रकल्पांना जैवविविधता आधीपेक्षा किमान १० टक्क्यांनी वाढवून द्यावी लागते आणि ती ३० वर्षं राखावी लागते.

अर्जाआधी कौन्सिलशी फी भरून सल्लामसलत करता येते. ती जरूर करावी, आणि पॅरिश कौन्सिललाही त्याच सुमारास भेटावं. पॅरिश कौन्सिल ही गावपातळीवरची निवडून आलेली समिती, ग्रामपंचायतीची आठवण करून देणारी. तिच्या हाती परवानगी नसते, पण गावाचं मत तिच्यातून वर जातं. अर्ज एकदम तपशीलवार करावा. आधी फक्त तत्त्वतः मंजुरी घ्यायची, घरांचं रूप नंतर, अशी सोय आहे खरी. पण लिस्टेड चर्चच्या शेजारी, रूप माहीत नसताना हानी किती हे कोण कसं ठरवणार?

अर्ज दाखल झाला की जागेवर सूचना लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि लोकांना २१ दिवस मिळतात. ग्रेड एक चर्चमुळे हिस्टॉरिक इंग्लंडचं मत मागवलं जातं. ते सल्ला देतात, निर्णय कौन्सिलचाच. दहा किंवा अधिक घरं असतील तर निर्णयाची मुदत १३ आठवडे, कमी असतील तर ८. प्रत्यक्षात मुदती परस्परसंमतीनं वाढत राहतात. नकार आला तर अर्जदाराला सहा महिन्यांत प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे अपील करता येतं. परवानगी मिळाली आणि गावकऱ्यांना ती मान्य नसली, तर त्यांना अपीलच नाही. सहा आठवड्यांत कोर्टात जायचं, तेही निर्णयप्रक्रियेत कायद्याची चूक दाखवता आली तरच. ही विषमता मला खटकते. पेन्सहर्स्टसारखे खटले लढवायला गावाकडे जिद्दीबरोबर पैसाही लागतो.

परवानगीनंतर

परवानगीच्या पत्राला अटींची लांब यादी जोडलेली असते. काम साधारणपणे तीन वर्षांत सुरू करावं लागतं. त्याआधी पुरातत्त्वाची नोंद पूर्ण हवी, झाडांच्या मुळांभोवती कुंपण हवं, खिडक्यांचे मोठ्या मापातले नकाशे मंजूर हवेत. त्यांतली मला सगळ्यात आवडणारी अट नमुना भिंतीची. खऱ्या भिंतीचा पहिला दगड बसण्यापूर्वी गवंड्यानं त्याच दगडाची, त्याच चुन्याच्या गिलाव्याची साधारण मीटरभर रुंद-उंच एक भिंत जागेवर बांधून दाखवायची. कन्झर्वेशन ऑफिसर येतो, सांध्यांची रुंदी पाहतो, चुन्यात कोणती वाळू आहे ते विचारतो, शेजारच्या जुन्या गडग्याकडे मान वळवून दोन्हींची तुलना करतो. पसंत नसेल तर भिंत पाडून दुसरी. पसंत पडली की ती नमुना भिंत सातवं घर पुरं होईपर्यंत तिथंच उभी ठेवायची, येणाऱ्या प्रत्येक गवंड्याला जुळवून पाहता यावी म्हणून.